वारंवार कंबर धरते : दुखत नसलेल्या दिवसांत कोणता व्यायाम करावा?

प्रश्न : दागिने घडवणारा कारागीर, गुजरी

सर्वांना नमस्कार. माझे वय ४२ असून मी कोल्हापुरात गुजरी या सराफपेठेत सोन्याचे काम करतो. साजाची (गळ्यातल्या दागिन्याची) पाने घडवणे, डाख देणे म्हणजे सांधे जोडणे, मणी ओवणे हे सगळे काम जमिनीवर मांडी घालून आणि पुढे वाकून चालते. गेली काही वर्षे दर तीन-चार महिन्यांनी माझ्या कमरेत उसण भरते. कधी पाण्याची बादली उचलताना, तर कधी नुसते शिंकताना चमक निघते आणि पुढचा आठवडाभर सरळ उभे राहणेही कठीण होते. गोळ्या, शेक आणि विश्रांती यांनी दुखणे जाते, मी कामाला लागतो, आणि काही काळाने पुन्हा तेच सुरू होते.

मागच्या वेळी एमआरआय केला, तेव्हा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली असल्याचे समजले. दुखणे पायात उतरत नाही आणि मुंग्याही येत नाहीत. तेव्हापासून घरच्यांचा आग्रह असा की जमिनीवर झोपावे, वाकू नये आणि पट्टा काढू नये. तरुणपणी मी शिवाजी पेठेतल्या तालमीत जोर-बैठका मारत असे. आता त्या माराव्यात की नाही, हेच कळेनासे झाले आहे. बैठे काम सोडणे मला शक्य नाही. अशा स्थितीत दुखत नसलेल्या दिवसांत काय करावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी

आपण दुखत नसलेल्या दिवसांबद्दल विचारलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक जण कंबर धरली की उपचार शोधतात आणि दुखणे थांबले की व्यायामही थांबवतात. उसण पुन्हा पुन्हा भरण्यामागे माझ्या मते हे एक मोठे कारण असते.

प्रथम एमआरआयच्या अहवालाची धास्ती मनातून काढावी. कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या अशा तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली आढळली, म्हणजे वयाबरोबर केस पांढरे व्हावेत तसाच हा बदल आहे. आपल्या पायात कळ किंवा बधिरपणा नसताना केवळ त्या अहवालावरून वाकणे कायमचे सोडणे योग्य नाही. न वाकणारी कंबर हळूहळू आखडते आणि मग एका शिंकेचाही धक्का तिला सोसत नाही.

पट्ट्याविषयी सांगायचे तर, तीन महिन्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या कंबरदुखीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पट्टे आणि कंबर ताणून घेण्याचे उपचार नेहमीसाठी वापरू नयेत असे म्हटले आहे. दुखण्याच्या ऐन भरात प्रवास करावा लागला तर तेवढ्यापुरता पट्टा बांधण्यास हरकत नाही. जमिनीवर झोपण्याचीही सक्ती नको. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर जुनी कंबरदुखी अधिक कमी झाल्याचे स्पेनमधील एका अभ्यासात २००३ सालीच दिसले आहे.

आता व्यायाम. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांचा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आणि तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवत आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटे चालण्यापर्यंत आणायचे असे ठरवले होते. दैनंदिन कामात अडथळा आणणारे दुखणे उलटण्याचा मध्यम कालावधी न चालणाऱ्यांत ११२ दिवसांचा, तर चालणाऱ्यांत २०८ दिवसांचा निघाला. गुजरीतून रंकाळा तलाव लांब नाही. दुकान बंद केल्यावर तेथील पदपथावर आरंभी दहा-पंधरा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला थोडी थोडी भर घालावी.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस कमरेची आणि पोटाची ताकद वाढवावी. सतरंजीवर गुडघे आणि तळहात टेकवावेत; गुडघे खुब्याच्या खाली, तळहात खांद्याच्या खाली. उजवा हात समोर आणि डावा पाय मागे सरळ करून, श्वास न रोखता, आठ-दहा सेकंद थांबावे आणि मग बाजू बदलावी. पाय कमरेच्या पातळीवर आला की तिथेच थांबवावा, कारण तो आणखी वर नेला की कंबरेत बाक पडतो. हे नीट होते की नाही हे पाहण्यासाठी कमरेवर रिकामे फुलपात्र ठेवून बघावे. ते घरंगळले तर कंबर डोलते आहे असे समजून पाय थोडा कमी लांबवावा. याखेरीज सेतुबंधासन करावे, म्हणजे पाठीवर निजून, गुडघे वाकवून कंबर वर उचलावी; आणि कुशीवर, कोपर व वाकवलेल्या गुडघ्यांवर भार घेऊन कंबर उचलून धरावी. व्यायाम करताना किंचित दुखले तर घाबरू नये; मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले वाटले तर तो अर्ध्यावर आणावा.

कामाबद्दल म्हणाल, तर मांडी घालून बसणे हा दोष नाही, तासन्‌तास न हलणे हा आहे. बुडाखाली घोंगड्याची जाड घडी घ्यावी म्हणजे खुबा गुडघ्यांपेक्षा उंच राहतो आणि कंबरेला पोक येत नाही. बारीक काम चौरंगावर घेऊन छातीच्या जवळ आणावे, आणि अर्ध्या तासाने एकदा तरी उठून उभे राहावे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

वरील उत्तराला माझ्या अनुभवाची थोडी जोड देते. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकताना त्यांच्यावर ताण अधिक येतो, असे मला उपचार करणाऱ्यांनी समजावून सांगितले होते. तेव्हापासून केर काढणे, बादली भरणे, खाली बसून कपडे धुणे ही कामे मी तासाभराने करते, आणि एवढ्या एका बदलाचा मला सर्वांत अधिक उपयोग झाला. बादली पूर्ण भरून एका हाताने नेण्याऐवजी दोन बादल्या अर्ध्या भरून दोन हातांत घ्याव्यात. शिंक येते असे वाटताच एक हात भिंतीला किंवा कट्ट्याला टेकवून गुडघे थोडे वाकवावेत.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. फुलपात्राचा प्रयोग आजच करून पाहतो. आणखी एक शंका आहे. उसण भरलेल्या दिवशी नेमके काय करावे? एक गृहस्थ पाठीवर पाय देऊन ‘मणका बसवून’ देतात असे शेजारी सांगतात. त्यांच्याकडे जावे का?

उत्तर : कुटुंब वैद्य, शाहूपुरी

कृपया जाऊ नये. उसण भरते तेव्हा मणका जागचा हललेला नसतो, त्यामुळे तो बसवण्याचा प्रश्नच येत नाही. पाठीवर पाय देण्याने मात्र इजा होऊ शकते, आणि हाडे ठिसूळ असतील तर मणका मोडूही शकतो. पहिल्या दिवशी पाठीवर निजून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, पण तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चालावे. सलग अंथरुणावर पडून राहिल्याने बरे होण्यास उलट वेळ लागतो. आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशी उसण बहुधा काही आठवड्यांत पूर्ण उतरते.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, किंवा पूर्वी कर्करोग वा क्षयरोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाआधी तपासणी करावी. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो.

उत्तर : तालमीत नवशिक्यांकडून मेहनत करून घेणारा

जोर-बैठकांचा मुद्दा राहून गेला, म्हणून लिहितो. आपण त्या जरूर माराव्यात, पण जुना आकडा मनात धरून नव्हे. महिनाभर वरचे व्यायाम आणि चालणे सुरळीत झाल्यावर आधी बैठकांपासून प्रारंभ करावा. पाठीमागे खुर्ची ठेवून तिला बूड टेकेल इतकेच खाली जावे. पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरेत. त्या सहज जमू लागल्या की जोर घ्यावेत, पण पहिले काही आठवडे हात कमरेइतक्या उंच कट्ट्यावर ठेवून, कारण जमिनीवरच्या जोरात कंबर एकदा पूर्ण वर उचलली जाते आणि एकदा पूर्ण मागे वाकते. हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणण्याची मेहनत सर्वांत शेवटी ठेवावी. फावड्याने माती ओढताना वाकणे, वळणे आणि ओझे उचलणे एकाच वेळी होते.