बदली झालीय, दोन उपनगरांत अडकलोय. कुठे राहू?

अर्धवट_आवरलेलं_घर:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

कंपनीने बदली दिलीय. सध्या राहतो ते शहर लहान, जायचंय ते अडीच तासांवरचं मोठं. परका मुलूख नाही, भाषा तीच, पण रोज ये-जा करण्यातलं अंतर नाही. महिनाभरात हजर व्हायचंय. मध्यवस्तीतलं घर आवाक्याबाहेर आहे, म्हणून उपनगरं बघतोय. घाऊक चाळणीनंतर दोन उरलीत. नावं मुद्दामच देत नाही, नाहीतर 'आमचं चांगलं की तुमचं' सुरू होईल आणि माझं घर बाजूलाच राहील.

पहिल्याला 'शेवटचं स्टेशन' म्हणू. रेल्वे तिथेच संपते. वस्ती जुनी, इमारती जुन्या, खोल्या लहान. लिफ्ट आहे, पण ती चालू झाली की अख्ख्या मजल्याला कळतं. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत ७५ मिनिटं.

दुसरी 'नवी वसाहत'. हायवेला लागून, सगळं कोरं करकरीत. घर दीडपट मोठं, हॉलच्या खिडकीतून टेकडी दिसते, खाली बाग. नकाशावर ऑफिस ४० मिनिटं, गाडीने.

घरात चौघं. मी रोज ऑफिसला जाणार. बायको घरून काम करते, आठवड्यातून एकदाच बाहेर पडते. मुलगी सातवीत. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखरे, गाडी चालवणं त्यांनी गेल्या वर्षी सोडलं.

मी रीतसर तक्ता केलाय. चौदा रकाने, प्रत्येकाला वजन, शेवटी बेरीज. नवी वसाहत ८१, शेवटचं स्टेशन ६४. विषय संपायला हवा होता. पण बायकोने तक्ता पाहिला आणि एवढंच म्हणाली, "यातले सगळे रकाने तुझेच आहेत." पुढे काही बोलली नाही. तुम्हाला काही कळलं तर सांगा.

गणिती_गोम:

आकड्यांपुरतं बोलतो. एका फेरीला ३५ मिनिटांचा फरक, दिवसाला ७० मिनिटं. वर्षाला २३० कामाचे दिवस धरले तर २६८ तास. म्हणजे अकरा अख्खे दिवस, रात्रींसकट.

मार्केटी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की वाहनं कितीही वेगवान झाली तरी माणूस दिवसाला सरासरी तासभरच प्रवासात घालवतो. वेग वाढला की तो लांब राहायला जातो, वेळ काही वाचवत नाही. तुम्ही दोन्हीकडे त्या तासाच्या पुढेच आहात. फ्राय आणि स्टुत्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये जर्मनीतल्या पाहण्यांवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. मोठं घर किंवा जास्त पगार त्याची पुरती भरपाई करत नाही. घर बघताना आपण खोल्या मोजतो, प्रवास मात्र 'होईल सवय' म्हणून सोडून देतो.

माझं मत नवी वसाहत. फक्त एक सांगा, ती ४० मिनिटं नकाशावर किती वाजता पाहिलीत?

सात_बिऱ्हाडं:

सात वेळा बिऱ्हाड हलवलंय, म्हणून हे नाव. वयाने मोठी असणार, अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तुझी बायको काय म्हणाली ते मला पहिल्या वाचनात कळलं. तू जिथे राहायला जाणार आहेस तिथे तू नसणारच आहेस. सकाळी आठला निघणार, संध्याकाळी सातला उगवणार. मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या उपनगरात तुझ्या घरचं कोण असेल? बाबा आणि बायको. त्यातली बायको लॅपटॉपसमोर. म्हणजे राहिले बाबा. तुझ्या चौदा रकान्यांत त्यांचा एक तरी आहे का? 'जवळ हॉस्पिटल' सोडून सांग. तो रकाना आपण आपल्या धास्तीसाठी घालतो.

आमचं चौथं बिऱ्हाड तुझ्या नव्या वसाहतीची जुळी बहीण होतं. टेकडी, बाग, सगळं. सासरे बोलघेवडे. जुन्या जागी त्यांना कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला तास लागायचा, कारण वाटेत सात जण भेटायचे. नव्या घरी पहिला आठवडा खुशीत गेला. मग ते खाली बागेत जाऊन बसायला लागले. दिवसा बागेत कोण असणार? झाडांना पाणी घालणारा मुलगा. तो पाईप गुंडाळून गेला की हेही वर यायचे. तीन-चार महिन्यांनी मी दाराशी केर काढत होते. त्यांचे बूट उचलले तर नाड्या बांधलेल्याच होत्या, आणि गाठीत धूळ बसली होती. माणूस बाहेर पडायचा थांबला होता आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तक्रार त्यांनी एका शब्दाने केली नाही, हीच तर गोम. पाचवं बिऱ्हाड आम्ही त्यांच्यासाठी केलं. नवऱ्याचा प्रवास वाढला. तो वर्षभर कुरकुरला, मग त्याला डब्यात पत्त्यांचा अड्डा मिळाला.

आता काय करायचं ते ऐक. रविवारी दुपारी जाऊन घर बघू नकोस. रविवारी दुपारी कुठलीही जागा गोड दिसते. मंगळवारी जा, बाबांना घेऊन जा. घरात फार वेळ घालवू नकोस, भिंती कुठे पळून जात नाहीत. इमारतीच्या दारातून बाबांना त्यांच्या चालीने निघू दे आणि तू मागे राहा. बसायला पहिली जागा कुठे येते? औषधांच्या दुकानापर्यंत किती वेळा रस्ता ओलांडावा लागतो? पादचाऱ्यांचे सिग्नल बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरून लावलेले असतात. गुडघे धरलेला माणूस सेकंदाला पाऊण-एक मीटर चालतो. दिवा बदलेपर्यंत तो रस्त्याच्या मध्यातच असतो. दोनदा असं झालं की मग तो पलीकडे जातच नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला आता हौस राहिली नाही.

क्लॅरन्स पेरी नावाच्या अमेरिकन नियोजनकाराने १९२९ मध्येच आराखडा मांडला होता: मध्यभागी शाळा, कडेला दुकानं, आणि कुठूनही पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत. मी सातही घरांना हीच पट्टी लावून पाहिली आहे. जिथे ४०० मीटरांत काहीतरी होतं तिथे आम्ही रुळलो. जिथे दर गोष्टीला गाडी काढावी लागली तिथे नाही.

आणि हो, रात्री आठ वाजता समोर उभा राहून खिडक्या मोज. किती उजळल्यात, किती अंधारात आहेत. नव्या वसाहतीत निम्म्या खिडक्या काळ्या असतील तर घरं विकली गेलीत, पण राहायला कुणी आलेलं नाही. माणसं नाहीत म्हणून दुकानं नाहीत, दुकानं नाहीत म्हणून माणसं येत नाहीत. त्या चक्रात तुझी पाच वर्षं सहज जातील.

पाणथळ:

वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. माझी भर जमिनीबद्दल. हायवेलगतच्या सपाट मोकळ्या जागा इतकी वर्षं मोकळ्या का राहिल्या, हा प्रश्न विचारा. बरेचदा उत्तर पाणी असतं. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' ऐकून लोक निवांत होतात. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि ३० वर्षं तिथे राहिलात तर एकदा तरी पाणी पाहण्याची शक्यता २६ टक्के. चारात एक.

पूररेषेचे नकाशे बघाच, पण आसपासच्या जुन्या इमारतीत विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत तेही बघा. छातीच्या वर असतील आणि खाली भिंतीवर जुन्या खिळ्यांची भोकं दिसत असतील, तर ते का हलवले हे विचारायला लागत नाही.

किल्ली_हरवली:

पूर्वेला राहा. ऑफिस पश्चिमेला आलं की सकाळी-संध्याकाळी दोन्ही वेळा ऊन पाठीवर. बाकी चालू द्या.

खडू_डस्टर:

शिक्षिका आहे म्हणून एवढंच: शाळेचं नाव बघून घर घेऊ नका. सातवीच्या वर्गात वर्षाच्या मधेच जागा आहे का, आणि तुमचा पत्ता त्या शाळेच्या हद्दीत येतो का, हे शाळेतूनच लेखी घ्या. घर दाखवणाऱ्या दलालाचं 'होऊन जाईल' धरू नका. आणि पहिलं वर्ष भाड्यानेच काढा. विकत घेतलेल्या घराची चूक फार वर्षं पुरते.

अर्धवट_आवरलेलं_घर:

सगळ्यांचे आभार. काल मंगळवार होता. रजा टाकली, शाळेला सुट्टी होती म्हणून चौघंही गेलो. वृत्तांत देतो.

गणितीसाहेब, कबूल करतो, ती ४० मिनिटं मी रात्री अकराला पाहिली होती. संध्याकाळी पावणेसहाला ऑफिसच्या फाटकापासून नव्या वसाहतीपर्यंत गाडी चालवली, ६८ लागली. त्यातली एकवीस शेवटच्या एका चौकात.

त्याआधी सकाळी बाबा वसाहतीच्या दारातून बाहेर पडले होते. मी मागे. डावीकडे कुंपणाची भिंत, उजवीकडे गाड्या, पदपथ नाहीच. भिंत संपेपर्यंत ते गेले आणि वळले. मला म्हणाले, "हवा छान आहे." नाड्यांची गोष्ट वाचली नसती तर मी याला पसंती समजलो असतो.

दुपारी शेवटच्या स्टेशनला बायको आणि मुलगी खोल्या मापत होत्या आणि बाबा गायब. फोन उचलेनात. पंचवीस मिनिटांनी सापडले फलाटावरच्या बाकावर, दोन अनोळखी गृहस्थांच्या मधे. आम्ही बघत असलेल्या इमारतीची लिफ्ट कुरकुरते, पण बंद पडत नाही, ही माहिती त्यांनी आम्हाला दिली. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे मला सकाळी बसायला जागा मिळेल, हेही त्यांनीच काढलं. येताना उभंच राहावं लागेल, ते मी ओळखून आहे.

सगळं गोड नाही. मुलीने टेकडीची खिडकी मनात धरली होती, परतीच्या वाटेवर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिला दोनांतली मोठी खोली देतोय, आम्ही लहानीत. मीटर जुनेच आहेत, गुडघ्याच्या उंचीवर, भिंत कोरडी. शाळेने सातवीत जागा असल्याचं लेखी दिलं. वर्षभराच्या भाड्यावर ठरवतोय. तक्ता बायकोच्या हवाली केला, तिने बारा रकाने पुसले.

एकच अडचण राहिली. फलाटावरची घोषणा तिच्या कामाच्या खोलीत स्पष्ट ऐकू येते, मीटिंगमध्ये पलीकडच्यांनाही जाईल. जाड पडदे लावू की दुहेरी काच?

गणिती_गोम:

६८ आणि ७५. म्हणजे वर्षाला ५४ तास, सव्वादोन दिवस. माझं मत मागे घेतो.

सात_बिऱ्हाडं:

दोन्ही नको, आधी खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजव. जिथून वारा शिरतो तिथूनच आवाजही शिरतो. रात्री दिवे घालवून खिडकीच्या कडेकडेने ओला हात फिरव, गार लागेल तिथे फट. त्यानंतरही ऐकू आलं तर काचेचं बघू. आणि बाबांना बाकावरच्या त्या दोघांची नावं विचारून घ्यायला सांग, सामान चढवायच्या दिवशी लिफ्टपाशी कुणीतरी उभं लागेल.