गावातील वाचनालयाचा ग्रंथसंग्रह कसा वाढवावा आणि कसा जपावा?

प्रश्न
नमस्कार. कोकणातील एका ‘ड’ वर्गाच्या (शासनाच्या ‘अ’ ते ‘ड’ वर्गवारीतील शेवटच्या) सार्वजनिक वाचनालयाचे काम गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आले आहे. ग्रंथपालनाचे शिक्षण मी घेतलेले नाही. संग्रहात सुमारे 2500 पुस्तके असून त्यांतली बरीच देणगीतून आलेली आहेत, काही कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती आहेत आणि पावसाळ्यात खालच्या फळीवरील पुस्तकांना बुरशी धरते. यंदाच्या अनुदानातून कोणती पुस्तके घ्यावीत आणि जुन्यांची निगा कशी राखावी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद 1
ताई, खरेदीची यादी करण्यापूर्वी देवघेव नोंदवही घेऊन बसा. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या विषयाची पुस्तके घरोघरी गेली आणि कोणत्या कपाटाला कोणी हातच लावला नाही, हे तिच्यातून समजते. केवळ सवलत भरघोस आहे म्हणून घेतलेली पुस्तके बहुधा कपाटातच राहतात. आमच्या टेबलावर एक मागणीवहीही असते. तिच्या पहिल्याच पानावर तीन वेगवेगळ्या अक्षरांत काजू लागवडीच्या पुस्तकाची मागणी होती, आणि आमच्या शेतीच्या कप्प्यात तेव्हा सगळी पुस्तके उसावरची होती. देणगी स्वीकारतानाच, निवडीचा अधिकार वाचनालयाचा राहील, हे नम्रपणे सांगावे. ठेवायचे ठरलेले प्रत्येक पुस्तक आधी दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत) चढवावे आणि मग त्याला वर्गांक, म्हणजे विषय दाखवणारा क्रमांक, द्यावा. ड्युई या पुस्तकांच्या विषयवार दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक 891.46 आहे, त्यात कवितेला 891.461 आणि कथा-कादंबरीला 891.463 येतो.

प्रतिसाद 2
बुरशीचे मूळ ओलाव्यात आहे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच घ्या आणि पुस्तके कोंबून भरू नका. बुरशी धरलेली पुस्तके वेगळी काढून सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा आणि मगच नाकातोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने खोलीबाहेर झाडा, कारण ओली बुरशी पुसली तर ती कागदात पसरते. फाटलेल्या पानांना सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा चिकट थर पिवळा पडून कागदात उतरतो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. जादा प्रती रद्दीत देता येतील का?

प्रतिसाद 1
परस्पर देऊ नका. निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून रीतसर कमी करायच्या पुस्तकांची, यादी दाखल क्रमांकांसह करून कार्यकारी मंडळासमोर ठेवा, त्याविषयीचे नियम जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून समजून घ्या, आणि मंजुरी मिळाल्यावर दाखल नोंदवहीत त्या-त्या क्रमांकापुढे ठरावाची तारीख लिहा. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांत ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हटले आहे, आणि माझ्या मते जागा मोकळी करणे हाही त्या वाढीचाच भाग आहे. मात्र गावातील शाळेची, देवस्थानाची किंवा नाट्यमंडळाची जुनी स्मरणिका वीस वर्षांत कोणी नेली नसली, तरी ती यादीत घालू नका; तिची दुसरी प्रत बाजारात मिळणार नाही.