खाडीतली कयाक सहल: तुमचे अनुभव सांगा

चिखलपाय
माळा आवरताना तळाशी जुने सँडल सापडले. खोबणीत वाळका चिखल. बादलीत टाकले आणि भप्पकन तोच वास आला, सडक्या अंड्याचा! काम तिथेच राहिलं.

आम्ही ९ जण, ५ कयाक. मी आणि नणंद एकीत, एकटे पडले ते दीर. "सोपं आहे, पाणीच नेतं," असं नेणारे दादा म्हणाले तेव्हा वाटलं, सगळ्यांनाच सांगत असतील. पण खरंच, चढत्या भरतीवर आत शिरलो आणि ओहोटी लागल्यावर बाहेर. वल्हं दिशेपुरतं.

लक्षात राहिलाय तो मधला वेळ. एक पिवळं पान बराच वेळ आमच्या सोबतीनं आत येत होतं. ते थांबलं. जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि थोड्या वेळानं उलटं निघालं. तेवढ्यात समोर तीन डोकी वर आली. पाणमांजरं! एकाच्या तोंडात मासा, चावल्याचा कुरुमकुरुम आवाज आमच्यापर्यंत. एरवी झोपेतही बोलणारी नणंद चक्क गप्प.

तुमचंही येऊ द्या.

अर्धवट_वल्हं
नणंद पुढे होती की मागे? आमच्यात नवरा मागे बसला, म्हणजे सुकाणू त्याच्याकडे. तीनदा तिवरांत घुसवलं. वर मलाच म्हणे, तू ताल चुकवतेस.

चिखलपाय
@अर्धवट_वल्हं मी मागे :) घुसवलं मीही, पण तिला सांगितलं जवळून बघू या म्हणून.

गाळात_रुतलेला
सोपं वगैरे ठीक, पण आम्ही निघायलाच उशीर केला. ओहोटीचा पहिला तास आणि शेवटचा तास गरीब असतात, बारावा हिस्सा पाणी उतरतं फक्त. मधल्या दोन तासांत मात्र निम्मं पाणी जातं! त्यातच सापडलो. बघता बघता कयाक गाळावर. एक शहाणा ढकलायला उतरला तो मांडीपर्यंत आत. आडवा होऊन, कयाकला धरून निघाला, बूट आजही तिथेच आहे. पुढची भरती येईपर्यंत डासांना रक्तदान. त्यात पौर्णिमा, म्हणजे उधाण, पाणी गेलंही लांबवर. नवख्यांनी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत जावं. ओढ कमी असते.

अर्धवट_वल्हं
रक्तदान हाहाहा

पक्षीवेडा_४
उलट मी म्हणेन ओहोटीच बघा, फक्त कडेनं आणि खोल पाण्यातून. गाळ उघडा पडला की खरी गर्दी. निवट्या (चिखलातले मासे) कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर उड्या मारतात, नर खेकडे एकच मोठी नांगी हलवून बोलावत असतात, आणि लांब चोचीचे पाहुणे पक्षी टोचत फिरतात. त्यांच्या जवळ जाऊन उडवू नका प्लीज, फोटोसाठीसुद्धा. २०२२ मध्ये एक गॉडविट (असाच लांब चोचीचा पक्षी) अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेला, १३,५६० किमी, ११ दिवस. पहिलाच प्रवास, पिल्लूच होतं ते. असे पाहुणे खायला उतरलेले असतात, आपण मजा म्हणून उठवतो.

गाळात_रुतलेला
११ दिवस!! आणि आमच्यातला एक २ किमीला खांदे धरून बसला होता.

पाठदुखी_क्लब
खांदे दुखतात कारण लोक नुसत्या हातांनी ओढतात. कंबरेतून वळा, पाय टेकून. मला पोहता येत नाही, तरी गेले. जाकिटाचे पट्टे आवळा मात्र, सैल असलं तर पाण्यात ते वर येतं आणि आपण खाली. कोणाकडे मोबाइलच्या पाऊचचा चांगला अनुभव आहे का? माझ्यात वाफ धरली, सगळे फोटो धुक्यातले.

पक्षीवेडा_४
पाऊच घरून, कोरड्या हवेत बंद करायचा. काठावर दमट हातांनी नाही.

सावकाश
वडिलांना नेलं होतं. गुडघ्यांमुळे चालणं जवळजवळ बंद. कयाकमध्ये बसवायला तिघे लागलो, पण एकदा बसल्यावर त्यांना कुणी ओळखलं नसतं. झाडावर लोंबणाऱ्या कांदळाच्या शेंगा दाखवून सांगत होते, ही बी नाही, झाडावरच रुजलेलं रोप आहे, पडलं की तरंगत जातं. एक तोडू का विचारलं तर ओरडले. गेल्या वर्षी गेले ते. फोटोत नुसती टोपी दिसते.

चिखलपाय
@सावकाश _/\_ टोपी तरी आहे. जपून ठेव.

अर्धवट_वल्हं
सावकाश, मिठी.

पाठदुखी_क्लब
आणि ते सँडल?

चिखलपाय
गॅलरीत. दोनदा धुतले, वास जात नाही. सासूबाई विचारतायत काय मेलंय.