शाळेच्या आवारात हायड्रोपोनिक कंटेनर शेती: देणगी स्वीकारावी का?

विश्वस्त_वर्धा:

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या विश्वस्त मंडळावर मी काम करतो. एका कंपनीने सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या) निधीतून आमच्या शाळेला ४० फुटी कंटेनरमधील हायड्रोपोनिक (मातीऐवजी अन्नद्रव्ययुक्त पाण्यावर होणारी) शेती देऊ केली आहे. कंटेनर, आतील मांडण्या, एलईडी दिवे, वातानुकूलन, पंप आणि पहिल्या वर्षाची देखभाल हा खर्च कंपनी करणार असून जागा, वीज आणि पाणी शाळेने पुरवायचे आहे. मुलांना विज्ञानाचे प्रात्यक्षिक मिळेल, पालक-कोथिंबीर शालेय पोषण आहारात वापरता येईल आणि लेट्यूस, बेझिल हॉटेलांना विकून चालू खर्च भागेल, असे प्रस्तावात म्हटले आहे. मुख्याध्यापक उत्साही आहेत. मंडळातील ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे मात्र असे की, शाळेच्या मागे विहिरीसह मोकळी जमीन पडून असताना डब्यात शेती कशासाठी करायची? विजेचे बिल कितपत येईल, मे महिन्याच्या सुट्टीत हे कोणी सांभाळायचे आणि पहिल्या वर्षानंतर काय, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

मातीविना_नाशिक:

ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न योग्य आहे आणि तो कंपनीला लेखी विचारावा. बंद कंटेनरमध्ये वनस्पतीला लागणारा प्रत्येक प्रकाशकण विजेतून येतो आणि दिव्यांतून निघालेली उष्णता बाहेर फेकण्यासाठी पुन्हा वीज लागते. ४० फुटी कंटेनरचे क्षेत्रफळ ३२० चौरस फूट. पूर्ण क्षमतेने चालवल्यास त्याला दिवसाला १०० ते २०० युनिट वीज लागते, असे धरून चालावे. दिवसाला १५० युनिट आणि युनिटला १० रुपये धरले, तर महिन्याचे बिल ४५,००० रुपये होते. आपला नेमका दर महावितरणच्या बिलावर पाहून घ्यावा आणि मंजूर भार वाढवण्याचा खर्च वेगळा मोजावा. कंपनी कदाचित सौरऊर्जेचा पर्याय सुचवेल. १५० युनिटसाठी साधारण ४० किलोवॉटचा संच लागेल आणि त्यासाठी सुमारे ४,००० चौरस फूट छत लागेल. म्हणजे ४,००० चौरस फुटांवरचे ऊन गोळा करून ते ३२० चौरस फुटांच्या अंधाऱ्या डब्यात नेऊन सोडायचे. विदर्भात उन्हाचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणणार नाही.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना हे आपल्यासारखेच तापणारे राज्य आहे. तेथील युमा भागातील लेट्यूसचा एक तुलनात्मक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गणितानुसार किलोभर लेट्यूससाठी मातीतील शेतीला सुमारे २५० लिटर पाणी लागते, तर हायड्रोपोनिक हरितगृहाला सुमारे २०. दर चौरस मीटरचे वार्षिक उत्पादनही ३.९ किलोवरून ४१ किलोवर जाते. त्याच किलोमागे ऊर्जा मात्र १,१०० किलोज्यूलवरून ९०,००० किलोज्यूलवर जाते, म्हणजे सुमारे २५ युनिट, आणि त्यातील बहुतांश वाटा तापमान राखण्याचा आहे. हे हरितगृहाचे आकडे आहेत, जिथे सूर्यप्रकाश फुकट मिळतो. पाण्याची बचत खरी आहे. तिची किंमत विजेत मोजावी लागते एवढेच.

सुट्टीविषयी. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी डब्यातील वातानुकूलन दुपारी वीज गेल्याने बंद पडले, तर आतील तापमान झपाट्याने चढते. अन्नद्रव्ययुक्त पाणी २५-२६ अंशांच्या वर गेले की त्यातील विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि पिथियम या बुरशीसदृश जंतूमुळे मुळकूज सुरू होऊ शकते. पांढरीशुभ्र मुळे तपकिरी आणि बुळबुळीत होतात, वास येऊ लागतो आणि टाकी सामायिक असल्यामुळे रोग एका ओळीपुरता राहत नाही. जनित्र नसेल, तर कंटेनर घेऊच नये.

बॉस्टनकर:

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, त्यामुळे या कल्पनेचे माहेर जवळून पाहिले आहे. जहाजाच्या कंटेनरमध्ये शेती बसवून विकणारी फ्रेट फार्म्स ही कंपनी बॉस्टनचीच. येथील शाळा, महाविद्यालये आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तिचे कंटेनर घेतले. येथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बाहेर काही उगवत नाही आणि नेमका तोच काळ शाळा भरण्याचा असतो. उन्हाळ्यात शेत पिकते तेव्हा मुले सुट्टीवर असतात. त्यामुळे कंटेनरला येथे अर्थ होता. २०२५ च्या वसंतात मात्र ही कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि कामकाज थांबले. दिवे, पंप, खतांची मात्रा हे सर्व कंपनीच्या संगणकप्रणालीवरून चालत असल्याने, उद्या ती प्रणाली बंद झाली तर आपल्या डब्याचे काय, हा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला. आपल्या देणगीदाराला एवढे अवश्य विचारा की, इंटरनेट आणि पुरवठादार दोन्ही नसताना हा कंटेनर हाताने, साध्या टायमरवर चालवता येतो का.

कंटेनर खरोखर कोठे शोभतो याचे उदाहरण म्हणजे कॅनडातील हडसन उपसागराच्या काठावरचे चर्चिल. तेथे रस्ता जात नाही. २०१७ च्या मे महिन्यात पुराने लोहमार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला दीड वर्ष लागले. तोवर ताजा भाजीपाला विमानाने येत होता. त्याच वर्षी तेथील संशोधन केंद्राने कंटेनरमध्ये पालेभाज्या पिकवून गावात विकण्यास सुरुवात केली. अशा ठिकाणी विजेचे बिल विमानभाड्याशी ताडून पाहायचे असते. वर्ध्याच्या बाजारात मेथीची जुडी कितीला मिळते, ते आपण जाणताच.

सोबती_पुणे:

वरील दोन्ही उत्तरे भाजीच्या हिशेबाने लिहिलेली आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे. आम्ही कंटेनर नव्हे, पण एका बंद खोलीत मांडण्या, दिवे आणि छोटे वातानुकूलन यंत्र बसवून मायक्रोग्रीन्स (काही दिवसांत कापायची कोवळी रोपे) आणि लेट्यूस घेतो. आमच्या दृष्टीने बंदिस्तपणा हाच त्याचा मुख्य गुण आहे. ऊन, पाऊस, चिखल, साप, माकडे यांपैकी काहीही आडवे येत नाही. काम रोज त्याच वेळी, त्याच उंचीच्या टेबलावर, त्याच क्रमाने होते. कोकोपीटच्या कपात बी टाकणे, ट्रे मोजणे, ईसी मीटरवरील (पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा) आकडा फळ्यावर लिहिणे ही कामे आमच्या प्रशिक्षणार्थींना सवयीची झाली आहेत आणि त्याचे त्यांना मानधन मिळते. विक्रीतून विजेचे बिल पूर्ण निघत नाही. तूट आम्ही प्रशिक्षणाचा खर्च म्हणून उघडपणे दाखवतो, शेतीचा नफा म्हणून नाही. आपल्या शाळेला असा ठरावीक उद्देश आणि पगारी माणूस असेल, तर कंटेनरला सरसकट नकार देऊ नये.

निवृत्त_विज्ञानशिक्षक:

शिकवण्याच्या बाजूने पाहू. कंटेनरची रुंदी ८ फूट. दोन्हीकडे मांडण्या लावल्या की मध्ये जेमतेम अडीच-तीन फुटांची वाट उरते. ५० मुलांच्या वर्गातील एका वेळी पाच-सहा मुलेच आत जातील आणि बाकीची उन्हात उभी राहतील. शिवाय काही संचांत वाढ वेगाने व्हावी म्हणून सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. मुले आत जाणार असतील, तर ती सोय बंदच ठेवलेली बरी. पीएच उतरवण्याचे आम्ल कुलपात असावे, हे वेगळे सांगायला नको.

त्याऐवजी शेडनेटखाली तीन इंची पीव्हीसी पाइपांची उतरती मांडणी, एक टाकी आणि छोटा पंप एवढ्यावर एनएफटी (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) पद्धत उभी राहते. पाइपच्या तळाशी पाण्याचा पातळ थर सतत वाहतो आणि मुळे त्यातून अन्न घेतात. पीएच ५.५ ते ६.५ दरम्यान ठेवणे मुले सहज शिकतात. मी नववीच्या वर्गासमोर कॅल्शियम नायट्रेटचे तीव्र द्रावण आणि सल्फेट-फॉस्फेटचे तीव्र द्रावण मुद्दाम एकत्र ओतून दाखवत असे. पांढरा साका खाली बसतो आणि खते ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन डब्यांत का येतात, हे पुन्हा समजवावे लागत नाही. जून ते फेब्रुवारी हा संच चालवावा, उन्हाळ्यात पाइप धुऊन रिकामे ठेवावेत. शेजारी मातीत परसबाग करावी, म्हणजे तेच पालकाचे बी दोन्हीकडे लावून पाने, वजन आणि लागलेले पाणी यांची तुलना करता येते. दीड-दोन महिन्यांत एक प्रयोगवही पूर्ण होते.

विश्वस्त_वर्धा:

सर्वांचा आभारी आहे. जनित्र प्रस्तावात नाही आणि पगारी माणूसही नाही, हे आता लक्षात आले. कंपनीला कंटेनरऐवजी शेडनेट आणि एका प्रशिक्षकाचे मानधन देण्याची विनंती करावी का? आणि कंपनी कंटेनरवरच अडून बसली तर?

ताळेबंद:

जरूर करावी, पण दोन बाबी माहीत असू द्या. सीएसआरच्या नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालवता येतो, त्यामुळे मदत एकाच वर्षाची का, असे विचारण्यास आपल्याला पूर्ण वाव आहे. दुसरे, सीएसआर निधीतून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती आपल्या न्यासाकडे आली, तर तिच्यासोबत दुरुस्ती, विमा आणि शेवटी विल्हेवाटही येईल. कंपनी कंटेनरवरच ठाम राहिली, तर तीन वर्षांचे वीजबिल, जनित्र आणि बंद पडल्यास उचलून नेण्याचा खर्च करारात लिहून घ्यावा. कंटेनर जुना असल्यास त्याच्या दारावरील पाटीही वाचावी. मालवाहू कंटेनरच्या लाकडी तळाला अनेकदा कीटकनाशक चोळलेले असते आणि त्याची नोंद त्या पाटीवर असते. असा तळ असेल, तर तो काढून नवा बसवून द्यावा, हे कलमही त्याच करारात घालावे.