गोडाऊनला ईओटी क्रेन (छताखाली कॉलमवरच्या रुळांवर धावणारी विजेची क्रेन) लावू की फोर्कलिफ्ट पुरेल?

शेडवाला: 2 टनांपर्यंतच्या मशिनी ट्रकमधून उतरवून आत असेंब्लीपर्यंत न्यायच्यात, रोज नाही, अधूनमधून. कॉलम जुने आहेत. काय घेऊ?

नटबोल्ट: स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ईओटी नकोच, क्रेनचं वजन, माल, वर ब्रेक मारल्यावरचा झटका सगळं कॉलमवरच येतं. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी गॅन्ट्री क्रेन बघा, फक्त फ्लोअर सपाट नि पक्का हवा.

गिअरबॉक्स: फोर्कलिफ्ट घेतलीत तर 2 टनाची नको हां, प्लेटवरची कपॅसिटी साधारण 500 मिमी लोड सेंटरला (काट्याच्या मुळापासून मालाच्या वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर) धरलेली असते, मशीन लांब असली की कपॅसिटी कमी होते.

हुकमास्टर: हुकखालची उंची आधी मोजा, होइस्ट (माल वर खेचणारं यंत्र) नि स्लिंग (माल बांधायचे पट्टे/साखळ्या) यातच बरीच उंची जाते. आणि दोन पायांची स्लिंग जास्त पसरवू नका, तिचा जमिनीशी कोन 30 अंश झाला की स्लिंगच्या दोन्ही पायांवर प्रत्येकी अख्ख्या मशीनइतका ताण येतो!!

शेडवाला: बापरे. मग गॅन्ट्री आणि 3 टनाचा चेन होइस्ट?

नटबोल्ट: चालेल, पण गॅन्ट्रीपण 3 टनाचीच.