मदत हवी आहे : टॅपेट बसवूनही ट्रकच्या इंजिनाची टकटक जात नाही

चौथा_गिअर :
माझ्या जुन्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज इतका वाढला आहे की केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. काल सबंध दिवस घालवून टॅपेट बसवले, म्हणजे बाराही व्हॉल्व्हची गॅप (व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधली फट) ०.४० मिलिमीटरवर आणली, तरी टकटक थांबली नाही. आता काय करावे, हे कृपया लवकर सांगावे. गाडी उद्या बाहेर काढायची आहे.

जुने_यंत्र :
इंजिन डिझेल आहे की पेट्रोल, गॅप गार असताना घेतली की गरम असताना, आणि इनलेट (हवा आत घेणारा) व एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्हना ०.४०च का, हे कळल्याशिवाय काय सांगणार? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि तापल्यावर त्याची लांबी वाढते, म्हणून पुष्कळ इंजिनांत त्याची गॅप इनलेटपेक्षा मोठी ठेवतात.

सावकाश_चालवा :
एवढी खटपट कशाला? सगळ्यांची गॅप ०.२० करा आणि ऑइल थोडे जाड टाका. माझी गाडी तेव्हापासून गप्प आहे.

जुने_यंत्र :
गप्प असणे म्हणजे ठणठणीत असणे नव्हे. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर, म्हणजे बंद होताना बसतो त्या कडेवर, टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. गॅप फार कमी केली की गरम इंजिनात तो पुरता टेकत नाही आणि कडेने जळू लागतो. वाजणारे टॅपेट निदान कानाला कळते, आवळलेले कळत नाही.

निवांत :
माझ्या मोटारीत हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे) असल्यामुळे हे काहीच करावे लागत नाही.

चौथा_गिअर :
इंजिन डिझेल, सहा सिलिंडरचे असून गार होते, हे लिहायचे राहिले. मॅन्युअल आत्ता उघडले, तर इनलेटला ०.३० दिलेले आहे. त्याप्रमाणे पुन्हा बसवल्यावर बराच आवाज गेला. मात्र मागच्या बाजूने एकच ठोका अजून येतो.

जुने_यंत्र :
फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४ असेल, तर चौथा सिलिंडर बसवताना तिसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ओव्हरलॅपवर (दोन्ही थोडे उघडे असतात त्या स्थितीत) आणले होते का? शिवाय लॉकनट आवळताना गॅप बसवण्याचा स्क्रू किंचित फिरतो, त्यामुळे आवळून झाल्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून पाहावे.

तेलकट_हात :
आधी इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) तपासा. इंजिन आयडलवर ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरा सैल करावा; ठोका थांबला, तर दोष टॅपेटचा नाही. हे जुन्या पद्धतीच्या पंपावरच करावे, कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या पद्धतीवर) मुळीच नाही, आणि हात फवाऱ्यापासून लांब ठेवावा.

चौथा_गिअर :
पाइप सैल करून पाहिले, ठोका तसाच आहे. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा रॉकर काढला, तर त्याच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याएवढा खळगा पडलेला दिसला. नख फिरवले की अडकते. गेज मात्र ०.४०च दाखवत होते.

जुने_यंत्र :
गेजची पट्टी खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि दांडा आत खळग्यात बसतो, म्हणजे खरी गॅप ०.४० अधिक खळग्याची खोली एवढी होते. दिवसभर घाम गाळून तुम्ही बरोबर चुकीचेच माप घेत होतात!

तेलकट_हात :
मग गेज सोडा. स्क्रूच्या आट्यांचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) १ मिलिमीटर असेल, तर गॅप शून्यावर आणून स्क्रू एका फेऱ्याच्या ०.४० भागाइतका मागे फिरवा.

जुने_यंत्र :
तुम्ही रॉकरचे गुणोत्तर (त्याच्या व्हॉल्व्हकडच्या आणि पुशरॉडकडच्या भुजांच्या लांबीचे) विसरलात. स्क्रू पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांडीच्या) बाजूला असतो आणि गॅप व्हॉल्व्हच्या बाजूला मोजायची असते, गुणोत्तर १.५ असेल, तर ०.४० भाग फिरवून ०.६० गॅप होईल. अशा वेळी साधारण पाव फेरा आणि थोडा जास्त पुरतो.

तेलकट_हात :
ते मान्य आहे.

चौथा_गिअर :
तात्पुरते तसेच बसवतो. खळगा घासून रॉकर पुन्हा वापरता येईल का?

जुने_यंत्र :
खळगा उथळ असेल, तर मशीनवर मूळ गोलाई राखून घासता येतो, हाताने कानस मारून नव्हे. पण खळगा वरच्या कडक थराच्याही खाली गेला असेल, तर रॉकर बदलावा. आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोकही पाहून घ्यावे, कारण तेही तितकेच झिजलेले असण्याची शक्यता आहे.