विषय: फंडरेझर ठरवण्याआधी – हॉल, चेक आणि जूनचं बॅलट

प्रेषक: अनघा, कार्यवाह

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीतल्या डिस्ट्रिक्टमधून (मतदारसंघातून) अमेरिकन काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या कॅम्पेनकडून विचारणा आली आहे. मंडळाच्या हॉलमध्ये फंडरेझर (निधी जमवायचा कार्यक्रम) हवाय, होस्ट म्हणून मंडळाचं नाव हवंय, शिवाय सभासदांची ईमेल-यादीही हवी आहे. कमिटीची बैठक रविवारी आहे. श्रीकांतकाका, कॅम्पेनचे हिशेब तुम्ही बघता, तेव्हा काय चालतं आणि काय नाही ते जरा सविस्तर लिहाल का? एच-१बीवाल्यांच्या शंका सगळ्यात जास्त आल्यात.

– अनघा

---

प्रेषक: श्रीकांत

अनघा,

आधी मंडळाचं. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहोत. अशा संस्थेने उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायचं नाही, हा १९५४ पासूनचा कायदा. 'थोडंसं चालतं' ही सोय लॉबिंगला (कायद्यांसाठी पाठपुरावा करायला) आहे, उमेदवाराला नाही. त्यामुळे होस्ट म्हणून नाव नको, फ्लायरवर लोगो नको आणि यादी फुकट तर मुळीच नको. हॉल देता येईल, पण बाहेरच्या माणसाला मुंजी-बारशाला जो दर लावतो त्याच दराने, आणि उद्या समोरचा उमेदवार आला तर त्यालाही तसाच. अध्यक्षांना वैयक्तिक जायचं असेल तर खुशाल जावं. गणपतीच्या स्टेजवरून 'यांना मत द्या' म्हणाले, की मात्र ते मंडळ बोललं असा अर्थ होतो. मतदार-नोंदणीचं टेबल लावायला हरकत नाही, फक्त तिथे कोणाचा बिल्ला-पत्रक नको.

माझं मत विचाराल तर कार्यक्रम कोणाच्या तरी घरी करा. यजमानाने घरी खाण्यापिण्यावर आणि निमंत्रणांवर केलेला खर्च एका उमेदवारामागे, एका निवडणुकीला १,००० डॉलरपर्यंत देणगीत धरत नाहीत. नवरा-बायको दोघं यजमान असतील तर २,०००. केटररचं बिल २,६०० झालं तर वरचे ६०० त्यांची देणगी म्हणून मोजायचे आणि कॅम्पेनला तसं कळवायचं. हे बहुतेक जण विसरतात.

आता चेक. २०२५-२६ साठी एका व्यक्तीची एका उमेदवाराला मर्यादा आहे दर निवडणुकीला ३,५०० डॉलर. प्रायमरी (पार्टीचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि जनरल (नोव्हेंबरची मुख्य निवडणूक) वेगळ्या धरतात, म्हणून एकूण ७,०००. मर्यादा माणसाची असते, घराची नाही. बायको कमावत नसली तरी तिचे ३,५०० वेगळे. घोळ होतो तो जॉइंट अकाउंटच्या चेकवर. सही एकाचीच असेल तर पूर्ण रक्कम त्याच्याच नावावर चढते. मग कॅम्पेनने ६० दिवसांत दोघांच्या सहीचं पत्र मिळवायचं, नाहीतर जादा पैसे परत करायचे. सरळ दोन चेक फाडा आणि खाली 'प्रायमरी' की 'जनरल' ते लिहा. काहीच लिहिलं नाही तर रक्कम पुढे येणाऱ्या निवडणुकीच्या खात्यात जाते.

देऊ कोण शकतं? नागरिक आणि ग्रीनकार्डवाले. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावाल्यांनी दहा डॉलरसुद्धा द्यायचे नाहीत. काँग्रेसला नाही, स्कूल बोर्डाला नाही, सुपर पॅकलाही (उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या गटालाही) नाही. फंडरेझरचं तिकीट हीसुद्धा देणगीच. बिनपगारी फोन करणं, दारोदार फिरणं मात्र त्यांना चालतं.

आणि 'तुझ्या नावाने दे, मी तुला झेलवरून (पैसे पाठवायच्या सेवेवरून) परत करतो' हा प्रकार ग्रीनकार्डवाल्यांनी सोडा, नागरिकांनीही करायचा नाही. मुंबईत गोवेकर घरात जन्मलेले इथले राजकीय लेखक दिनेश डिसूझा यातच अडकले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या एका सिनेट उमेदवाराला त्यांनी दुसऱ्यांच्या नावाने २०,००० डॉलर देवविले आणि नंतर परत केले. २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला. ३०,००० डॉलर दंड, पाच वर्षं प्रोबेशन, त्यातले आठ महिने सुधारगृहवजा केंद्रात. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून सुटले. ती सोय आपल्याला कोणी करून ठेवलेली नाही.

– श्रीकांत

---

प्रेषक: मंदार

काका, दोन शंका. माझी छोटी कन्सल्टिंग एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे, तिच्या कार्डावरून दिले तर? आणि सुपर पॅकला कितीही देता येतात, तर ३,५०० ची भानगड कशाला?

– मंदार

---

प्रेषक: श्रीकांत

मंदार, एलएलसीवर कॉर्पोरेशनसारखा टॅक्स लागत असेल तर चालणार नाही. पार्टनरशिपसारखा असेल तर देणगी पार्टनरांच्या नावावर वाटून मोजतात. एकट्याचीच असेल आणि टॅक्स वैयक्तिक रिटर्नमध्ये जात असेल तर ती तुझीच देणगी. पण एक अट बघ. फेडरल सरकारचं कंत्राट थेट तुझ्या एकट्याच्या नावावर असेल तर खासगी खात्यातूनही द्यायचं नाही. कंत्राटदार कंपनीत नुसती नोकरी असेल तर स्वतःचे पैसे द्यायला हरकत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःचं कार्ड वापर.

आणि एका निवडणूक-सायकलमध्ये एका उमेदवाराला एकूण २०० डॉलरच्या वर गेलास की नाव, पत्ता, व्यवसाय आणि कंपनी एफईसीच्या (फेडरल निवडणूक आयोगाच्या) साइटवर सगळ्यांना दिसतं. ॲक्टब्लू किंवा विनरेड या ऑनलाइन देणगीच्या साइटवरून दिलेस तर पाच डॉलरसुद्धा दिसतात, कारण मधल्या संस्थेला प्रत्येक रक्कम कळवावी लागते. सुपर पॅकचं मीनल सांगेल, ती मीडिया बाइंगमध्ये आहे.

---

प्रेषक: मीनल

मंदार, २०१० च्या सिटिझन्स युनायटेड आणि स्पीचनाऊ या कोर्टाच्या दोन निकालांनंतर उमेदवाराशी संगनमत न करता खर्च करणाऱ्या गटावरची मर्यादा उठली. पण टीव्हीवर त्यांचा डॉलर उमेदवाराच्या डॉलरपेक्षा हलका पडतो. प्रायमरीआधी ४५ दिवस आणि जनरलआधी ६० दिवस स्टेशनला उमेदवाराकडून कमीत कमी दरच घ्यावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही, त्यांच्याकडून स्टेशन बाजारभाव घेतं, आणि ऑक्टोबरात तो भाव कुठल्या कुठे जातो. म्हणून तुझे ३,५०० थेट उमेदवाराकडे गेले तर त्यातून जास्त स्पॉट येतात. कोणी, कोणत्या कार्यक्रमात, किती स्पॉट, काय भावाने घेतले हे एफसीसीच्या (प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर प्रत्येक स्टेशनच्या पोलिटिकल फाइलमध्ये वाचायला मिळतं. यूट्यूबसाठी असली सरकारी फाइल नाही.

पण आपल्या न्यू जर्सीत टीव्हीचं गणितच उलटं आहे. राज्याला स्वतःचं मोठं टीव्ही मार्केट नाही. उत्तरेकडचे न्यूयॉर्कची चॅनल बघतात, दक्षिणेकडचे फिलाडेल्फियाची. डिस्ट्रिक्टमध्ये माणसं पावणेआठ लाखांच्या आसपास, आणि इथल्या एडिसनच्या मतदारापर्यंत पोचायला न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रेक्षकांचेही पैसे मोजायचे. नवखा उमेदवार तिथेच गार होतो. म्हणून इथे वर्षानुवर्षं पैशाइतकंच वजन होतं काउंटी पार्टीच्या 'लाइन'ला.

राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांत (जिल्ह्यांत) प्रायमरीचं बॅलट असं असायचं: पार्टीने पसंत केलेले सगळे उमेदवार, वरपासून काउंटी कमिशनरपर्यंत, एकाच रकान्यात सलग. आव्हान देणारा पार कोपऱ्यात, मध्ये रिकामे चौकोन, कधी दुसऱ्याच पदाच्या अनोळखी उमेदवाराच्या रांगेत. मतदार नजर सरळ खाली नेतो, संपलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटच्या प्रायमरीतले उमेदवार अँडी किम यांनी याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली, पुढे अपील कोर्टानेही ते उचलून धरलं. किम नोव्हेंबरात सिनेटवर निवडून गेले. २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाचा स्वतंत्र चौकोन आणि त्याखाली त्या पदाचे सगळे उमेदवार.

सांगायचा मुद्दा, फंडरेझरला जमणाऱ्यांपैकी किती जण जूनमध्ये, म्हणजे प्रायमरीला, मत देतात ते आधी बघा. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये निकाल जूनलाच लागतो, नोव्हेंबर म्हणजे उपचार. प्रायमरीला मतं कमी पडतात, त्यामुळे तिथे एका मताला भाव जास्त.

राज्यातले सुमारे एक तृतीयांश मतदार कोणत्याच पार्टीत नाहीत. केंद्रावर जाऊन मत देत असाल तर त्याच दिवशी पार्टी सांगून प्रायमरीचं बॅलट मिळतं. टपालाने मत देणाऱ्यांना मात्र आधी पार्टी जाहीर केल्याशिवाय प्रायमरीचं बॅलट येतच नाही, नुसतं एक पत्र येतं आणि ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं. आधीच एका पार्टीत असाल आणि दुसरीकडे जायचं असेल तर अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी. नवी नोंदणी २१ दिवस आधी. आणि केंद्रावर पार्टी सांगितलीत की ती नोंद तशीच राहते. पुन्हा मोकळं व्हायचं असेल तर मतदानानंतर तोच पार्टी बदलायचा फॉर्म भरून काउंटीला पाठवायचा.

– मीनल